कोल्हारचा खोंड आणि मर्दानगीचा सिद्धांत

"पोरगी पटवायची ना, तर आधी तिच्या डोक्यात बसलेली लाखो वर्षांपूर्वीची बाई पटवावी लागते!"

सावेडीतल्या टपरीवर तुषारनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याचा मित्र सचिन चहात बिस्कीट बुडवत होता. ते तिथंच विरघळलं.

तुषार नगरच्या कॉलेजात मानसशास्त्राचा प्राध्यापक. पगार चांगला, स्कूटर नवी, पण अंगानं काडीपैलवान! श्रीरामपूरच्या एका लग्नात त्यानं यशोधराला पाहिलं आणि गडी कामातून गेला. ती कोल्हारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. स्थळ जमतही आलं होतं, पण तिच्या भीमामामानं अट घातली, "भाची देईन तर मर्दालाच!" आता आली का पंचाईत!

"हे बघ सचिन, आपलं मन अजून रानातच राहतं," तुषार म्हणाला. "वाघरू आलं की पुढे उभा राहणारा गडीच बाईला भावतो. निसर्गानंच तशी निवड करून ठेवलीय!"

"लेका, कोल्हारात वाघरू कुठून आणू?"

"बैल चालेल. मी खोकलो की गोठ्यातला सोडायचा. मी एका हातानं वेसण धरतो की नाही बघ! फक्त गरीब निवड हां, मारका नको!"

रविवारी मंडळी कोल्हारात पोचली. जयभीम झाला, पाणी झालं. सचिन गुपचूप गोठ्याकडे सटकला. अंगणात सतरंजी पसरलेली. एका बाजूला यशोधराचे वडील रंगनाथ, मध्ये तुषारचे आई-वडील, आणि समोर खास श्रीरामपूरहून आलेला भीमामामा. मिशा अशा, की लिंबू ठेवलं तर पडू नये!

"काय करता तुमी?"

"मानसशास्त्र शिकवतो."

"म्हंजी येड्यांचे डॉक्टर?"

"नाही मामा, शहाण्यांचा मास्तर!"

मामा काही हसला नाही. यशोधरा पोहे ठेवून गेली, जाताना गालात हसली. तुषारला वाटलं, हीच वेळ! त्यानं छाती फुगवली आणि जोरात खोकला.

गोठ्यातून आला तो बैल नव्हताच. वेसण न टोचलेला, दाव्यासकट उधळलेला तरणाबांड खोंड होता तो! शिंगं खाली, शेपूट वर!

तुषारला आठवडाभराची तालीम आठवली. छाती पुढे, पाय घट्ट, नजर रोखलेली. पण आत लाखो वर्षांचा पूर्वज जागा झाला, आणि तो नेमका पळणारा निघाला!

"आई गंऽऽ! पळा! सगळे पळा!" एवढं बोंबलून तो थेट कडब्याच्या गंजीवर! कसा चढला, त्याचं त्याला ठाऊक नाही. त्या आरोळीसरशी आई स्वयंपाकघरात, वडील पेरूच्या झाडावर, रंगनाथ ओट्यावर. एकटा भीमामामा हात पसरून उभा राहिला. "थांब रं माज्या राजा!"

राजानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूनं गेला आणि सरकी-पेंडीच्या टोपलीत तोंड खुपसलं. मागं सरता सरता मामा मात्र उकिरड्यात उताणा पडला!

गंजीवर तुषारला रडू फुटायचं बाकी होतं. संपलं सगळं! हातातली पोरगी गेली!

शेण झटकत मामा गरजला, "ह्यो मर्द? सशाच्या वरताण पळाला की ह्यो!"

"यशू, तुझं काय म्हणनं हाय?" रंगनाथनं दारात उभ्या यशोधराला विचारलं.

"मला पसंत आहेत."

"अगं, पळाला त्यो!" मामा किंचाळला.

"म्हणून तर! मामा, वाघापुढं छाती काढून जे उभे राहिले, त्यांना पोरं व्हायला सवड कुठं मिळाली? जे पळाले, त्यांचीच नातवंडं आपण सगळे! आणि हे मुकाट नाही पळाले, सगळ्यांना सावध करून पळाले. वानरसुद्धा तेच करतं, म्हणून टोळी वाचते."

"म्हंजी मी येडा?"

"तुम्ही पुढच्या वेळी पळा हो. मला मामा एकच आहे."

मामाच्या मिशा थरथरल्या. मग तो एकदम हसायला लागला. "लई शिकली गं तू! वाटा साखर!"

"मलाही पसंत!" गंजीवरून तुषार ओरडला. शिडी लावून नवरदेव खाली उतरवला!

साखर खाल्ल्यावर दोघांना पेरूच्या झाडाखाली बोलायला सोडलं. तुषारची छाती पुन्हा फुगली. "मी ओरडलो ते तुम्हा सगळ्यांसाठीच!"

"हो ना. तुमच्या मित्राच्या तोंडात तीळ भिजत नाही. गोठ्यात घुटमळत होते, हटकलं तर सगळा बेत सांगून मोकळे! वर मलाच विचारलं, यातला गरीब कुठला? मी खोंड दाखवला."

"काय!"

"आधीच्या मुलांवरही तोच सोडला होता. एकजण तर मला ढकलून पळाला. जन्माची निवड करायची तर पारखून नको घ्यायला? टोपली मीच भरून ठेवते. आता त्यालाही कळलंय, घरात पोहे झाले की पेंड मिळते!"

खोंड डोळे मिटून रवंथ करत होता. तुषारनं त्याला हात जोडले. मानसशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक, पण त्या दिवशी परीक्षा घेतली तिनं, धडा शिकला खोंड, आणि हा पठ्ठ्या फक्त काठावर पास झाला!