रेल्वे घटना

खंडव्याची गाडी थोडीफार लेट यावी, हे कृष्णरावांनी सहन केलं असतं. पण फलाटावर वाट पाहता पाहता भाचीच्या लग्नाचा मुहूर्त टळावा आणि बायकोच्या, भानुमतीबाईंच्या, अक्षता पुडीतच राहाव्यात? वर रेल्वेने साधं 'चुकलं' म्हणू नये? संतापाने त्यांना जेवण जाईना.

त्यातच पेपरात छापून आलं, की अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्यात घटनादुरुस्ती करून रेल्वेवर देखरेख ठेवणारे अधिकारी लोकांनी मतं देऊन निवडायचे असं ठरलं.

"मग आपल्या मध्यप्रदेशाला काय धाड भरलीय? नवं राज्य, करा म्हणावं घटना दुरुस्त!"

"चहा ठंडा होतोय," भानुमतीबाई म्हणाल्या.

चहा तसाच टाकून कृष्णरावांनी सभेची पाटी रंगवली. फळी अरुंद निघाली. वर ठळक 'रेल्वे घटना' मावलं. 'दुरुस्ती सभा' खाली मुंगीएवढं. मग 'आज सहा वाजता, स्टेशनासमोर.' आता, मराठीत घटना म्हणजे संविधानही. इथल्या इंदुरी हिंदीत मात्र घटना नुसती घडते, आणि रेल्वेची घडली तर वाईटच.

सहाला मैदान फुललं. वैद्य पट्ट्या घेऊन आले, कोणी खाटा आणल्या. हवालदाराने विचारलं, "भिया, कितने मरे?"

"कोणी मेलं नाही! घटना दुरुस्त करायचीय!"

"दुरुस्त बाद में करना, पहले घायल दिखाओ!"

या गोंधळात खंडव्याची गाडी सिग्नलपाशीच रोखली गेली. पुन्हा लेट! स्टेशनमास्तर चौरसियाजी धावत आले, त्यांनी लोकांना शांत केलं, सगळ्यांना चहा मागवला. कृष्णराव मात्र खाटेवर चढले.

"बघा यांचा कारभार! आत्ताच मतं घ्या. या स्टेशनावर देखरेख कोणी ठेवायची? मी की हे?"

चौरसियाजींसाठी सगळं मैदान हात वर करून उभं राहिलं. कृष्णरावांसाठी एकच हात वर झाला, तो त्यांचा स्वतःचा. त्यांनी गर्दीत उभ्या बायकोकडे पाहिलं. तिचा हात अजून खाली आला नव्हता.

"अगं, भाचीचं लग्न तुझं चुकलं! तुझ्यासाठी भांडतोय मी!"

"सच्ची सांगू? त्या दिवशी मी फलाटावर रडत होते, तेव्हा खुर्ची आणून पाणी त्यांनी दिलं. तुम्ही तक्रारवही शोधत हिंडत होतात."