सतरा थरांखालचा रंग

"या बाजारपेठेचा मूळ रंग आठ दिवसांत शोधून नाही दिला, तर पुन्हा हातात ब्रश धरणार नाही!" पेंटरने नगरपालिकेच्या भर सभेत छाती ठोकून सांगितलं.

बाजारपेठ दीडशे वर्षांची. तिचं रूप पालटायचं, पण रंग मूळचाच द्यायचा, असा साहेबांचा हुकूम. पेंटरला मात्र साहेबांपेक्षा वडिलांची पडली होती. म्हातारा स्वतः नामांकित पेंटर. सगळ्या बाजाराच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याने लेकाला उभ्या जन्मात शाबासकी दिली नव्हती. काम पाहायचा आणि विचारायचा, "बरंय. आता यावर रंग कधी देतोस?"

पेंटरने दुकानामागून दुकान खरवडलं. दोन थर गेले की वीट! शेवटी न्हाव्याच्या दारातला लाकडी खांब सापडला. कमरेच्या उंचीवर, वीतभर जागेत तब्बल सतरा थर! तळाशी फिकट हिरवा. साहेबांनी भिंग लावलं, "हाच!" म्हणाले, आणि तेवढ्या जागेवर काच बसवून टाकली.

अख्खी बाजारपेठ पाट्यांसकट हिरवी झाली आणि तक्रारी सुरू झाल्या.

"अहो पेंटर," न्हावी ओरडला, "गिऱ्हाईक आरशात तोंड बघतं आणि अर्धी दाढी टाकून डॉक्टरकडे पळतं!"

चपलांच्या दुकानात माणसं कुजबुजत बोलू लागली. एका बाईंनी तर कापडवाल्याला विचारलं, "भेटायची वेळ किती वाजेपर्यंत?"

पेंटरने कानाडोळा केला. उद्घाटनाला तो वडिलांना स्कूटरवर बसवून घेऊन आला.

म्हाताऱ्याने काचेला नाक लावलं. "अरे, हा तर माझा खांब!"

"सतरा थर आहेत, बाबा! सगळ्यात जुना..."

"जुना कसला डोंबलाचा! तुझ्या जन्माआधी मी इथेच बसून काम करायचो. काम झालं की ब्रश या खांबाला पुसायचो. हा हिरवा दवाखान्याच्या खाटांचा. छत्तीस खाटा होत्या!"

"बाबा, हळू! साहेब मागेच आहेत!"

साहेब माइकवर होते. हा ऐतिहासिक रंग पुढची पन्नास वर्षं कुणी बदलायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

म्हातारा बाजारभर नजर फिरवत राहिला. "माझ्या हातची एक पाटी उरली नाही इथे," तो पुटपुटला. "आणि ब्रश पुसलेला तेवढा काचेत!" मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

पेंटरचा ऊर भरून आला. त्याने वळून पाहिलं.

म्हातारा खांबाची पाठ थोपटत होता.