रशीदचाचांचा टॅरागॉन

नर्सरीत शिरल्यावर रशीदचाचा कुणाला विचारत-बिचारत नाहीत. पान तोडतात, चावतात आणि मालकाच्या देखत थुंकतात. "गवत विकताय व्हय, गवत?"

पाचगणीत चाचा आमचे शेजारी. जन्म गेला एका हॉटेलच्या किचनमध्ये. आता घरीच असतात, पण टॅरागॉन नावाच्या एका पाल्यावरून जगाशी भांडण चालूच आहे. हा आपल्या दवण्याचा भाऊबंद. हॉटेलात कोंबडीत, आम्लेटात घालतात. त्याच्या नावावर बाजारात भलतीच झाडं खपतात, हे चाचांना सहन होत नाही.

"आवं वैनी, अस्सल पान बारीक, गुळगुळीत. आधी बडीशेपेची गोडी, मग जिभेला मुंग्या. त्यो रशियन नुसता उंच वाढतोय, चव शून्य. आन् मेक्सिकन तर झेंडूच्या घरातला! पानाला कडंनं दातं, वर पिवळी फुलं. त्येला बी टॅरागॉन म्हणत्यात. लाज हाय का?"

"वास तर सारखाच येतो की," असं मी एकदा बोलून गेले. आठवडाभर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सगळ्यात मोठा राग बियांच्या पाकिटांवर. "अस्सलला उगवंल असं बीच धरत न्हाई! फांदी लावायची, न्हाईतर मूळ फोडायचं. पाकिटातनं उगवला की समजायचं, रशियन!" एका दुकानात त्यांनी पाकिटांचं अख्खं खोकं काउंटरवर उपडं केलं. माफी मागायला मला जावं लागलं.

गेल्या महिन्यात त्यांना गाडीतून शिरवळला नेलं. त्यांचे हॉटेलातले जुने सोबती शंकरतात्या लकवा मारल्यापासून तिथे मुलाकडे असतात. आम्हाला बघताच तात्यांनी डाव्या हातानं एक कुंडी पुढे सरकवली. रोप उंच, हिरवंगार.

"टॅरागॉन," ते अडखळत म्हणाले. "बी... पेरलं. मीच."

चाचांनी पान तोडलं, चावलं आणि गिळलं.

"अस्सल हाय, तात्या. लय झ्याक."

तात्या हसले. वाकड्या झालेल्या तोंडानं, पण भरभरून.

परतताना गाडीत मी विचारलं, "चाचा, तो रशियन होता ना?"

"मग काय! त्या पाकीटवाल्याला उलटा टांगला पायजे! आजारी मानसाला फसवतोय!" ओरडता ओरडता त्यांचा आवाज बसला. मग ते हळूच बोलले.

"तात्याच्या जिभेची चवच गेलीया, वैनी. मी भांडी घासायचो तवा पान वळखायला त्यानंच शिकिवलं मला. चुकलो की डोक्यात टपली हाणायचा."

"म्हणून खोटं बोललात?"

"त्येला बरं वाटावं म्हणून बोललो, ते हायच. पर मनात म्हटलं, इतकं चुकीचं बोलल्यावर तरी हाणंल टपली."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्यो नुसता हसला, वो."