काढायची तारीख

गेनभाऊंना माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, हाडावरून येतो. नारायणगावच्या स्टँडवर एखादा गृहस्थ समोरून आला की ते आधी त्याची चाल बघतात, डोळे बारीक करतात आणि भर गर्दीत ओरडतात, "अरं, घाटघरची डावी नडगी! बरी हाय ना?" तो बिचारा खाली वाकून नडगी चाचपतो आणि म्हणतो, "बरी हाय, बरी हाय." त्याचं नाव काय, हे गेनभाऊंना आजही ठाऊक नाही.

चौतीस वर्षं ते सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालायचे. डॉक्टर येत गेले, जात गेले, गेनभाऊ राहिले. जुन्नर-आंबेगावातली निम्मी हाडं आपल्या हाताखालून गेली, असा त्यांचा दावा आहे. लेण्याद्रीचं नाव निघालं की ते हात जोडतात, पण गणपतीला नव्हे. "पायऱ्यांना, बाई," ते मला म्हणाले होते. "त्यातल्या खालच्या चार तर निव्वळ माझ्यासाठीच घडवल्यात." लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ते एवढंच म्हणतात, "बसलं न्हाई."

मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवते. एका मे महिन्यात मी मोठ्यांसाठी शिबिर ठेवलं, तारेची जाळी आणि प्लास्टर वापरून शिल्पं करायचं. गावाच्या ग्रुपवर निरोप टाकताना घाईत 'प्लास्टर शिका' एवढंच लिहिलं. चूक माझीच. पहिल्या दिवशी दोन गवंडी आले, भिंत कुठंय म्हणून विचारलं आणि ती नाही म्हटल्यावर निघून गेले. त्यांच्या मागोमाग गेनभाऊ आले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, काखेत कापसाचा मोठा गुंडाळा आणि हातात प्लास्टर कापायची लांब कात्री.

मी फळ्यावर आकृती काढत होते. मागून आवाज आला, "बाई, उजवं मनगट. लहानपणी मोडलंय. प्लास्टर कुनी काढलं वो? पार वाकडं बसलंय."

वर्ग माझ्या मनगटाकडे बघायला लागला. नऊ वर्षांची असताना चिंचेवरून पडले होते, एवढं सांगून मी हात ओढणीत घेतला आणि विषय बदलला.

जाळी आणायला मी सगळ्यांना रशीदभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. रशीदभाईंनी जाळी मोजता मोजता गेनभाऊंना विचारलं, "किती कोंबड्या?"

"एक बी न्हाई. पेशंट करायचाय."

रशीदभाईंचं उजवं कोपर गेनभाऊंनीच बसवलेलं. त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही, वर अर्धा मीटर जास्त कापून दिली.

बाकीच्यांनी मोर केले, बगळे केले. एकीने तिच्या सासूबाई करायला घेतल्या आणि मधेच विचार बदलून घुबड केलं. गेनभाऊंनी एक पाय केला, गुडघ्यापासून खाली. जाळी इतकी सुबक वळवली होती की मी कौतुक करायला गेले. तेवढ्यात त्यांनी तो पाय मांडीवर घेतला आणि कट्कन मोडला.

"अहो, हे काय!"

"न मोडलेल्याला प्लास्टर कशाला घालत्यात, राव?"

मग मोडलेली जाळी हलक्या हाताने बसवली, वर कापूस लावला, वर प्लास्टरच्या पट्ट्या. हात असा फिरत होता की वर्गातला गलका आपोआप थांबला. इतकं गुळगुळीत काम मला कॉलेजात पाच वर्षं काढूनही जमलेलं नाही. फक्त पायाची बोटं त्यांनी उघडी ठेवली, नुसती जाळीची. "रगत फिरतंय का बघायला पायजे." पायाला दम भरला, "हलायचं न्हाई!" आणि निळ्या पेनने पोटरीवर काढायची तारीख लिहिली.

मला वाटलं, गंमत करतायत. पण बरोबर सहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी घरी गेले, तर त्यांनी माझ्यादेखत तो पाय उभा कापला, प्लास्टरचे दोन तुकडे बाजूला टाकले आणि आतली जाळी मागेपुढे वाकवून समाधानाने म्हणाले, "बसलंय झकास."

त्यानंतर त्यांनी दोन हात केले, एक मांडी केली, एक खांदा केला. सगळे सहा-सहा आठवड्यांनी कापले. शिल्पाचं प्लास्टर काढायचं नसतं, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. ते प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि कात्रीला तेल घालायचे.

अशात सरपंचबाईंना सेल्फी पॉइंट सुचला. गावाच्या वेशीवर, पत्र्याच्या छपराखाली, डोक्यावर टोमॅटोचं क्रेट घेतलेली बाई. असं गुळगुळीत काम तालुक्यात एकच माणूस करतो, असं मीच बैठकीत बोलून गेले आणि माझ्या जबाबदारीवर ते काम गेनभाऊंना मिळालं.

"पेशंटचं नाव?" त्यांनी विचारलं.

"कुणीही. सर्वसाधारण बाई," सरपंचबाई म्हणाल्या.

"सर्वसाधारण बाईला प्लास्टर घालता येत न्हाई."

शेवटी नाव ठरलं हौसाबाई, वय चाळीस, तक्रार मान. "डोक्यावर येवढं वझं, मंग मानच मोडनार की." गेनभाऊंनी जाळीची हौसाबाई आपल्या अंगणात उभी केली, तिची मान मोडली, बसवली आणि नखशिखांत प्लास्टर घातलं, बोटं सोडून. बाई इतकी देखणी झाली की सरपंचबाईंनी उद्घाटनाला मोठे पाहुणे बोलावले, मांडव सांगितला. आदल्या दिवशी मी सहज हौसाबाईंच्या मागे गेले. मानेवर निळ्या पेनने लिहिलं होतं. तारीख उद्घाटनाचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी धावतच अंगणात शिरले. सडा झालेला. दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, एक पेशंटची, एक सोबत येणाऱ्याची. गेनभाऊ कोट घालून, कात्री घेऊन हौसाबाईंच्या मागे उभे.

"गेनभाऊ, हात लावाल तर बघा! अकराला पाहुणे येणारेत."

"तारीख हाय, बाई."

"किती वेळा सांगू? हे काढायचं नसतं!"

"ठावं हाय मला. येडा न्हाई मी." त्यांनी कात्री खाली घेतली. "पन काढलंच न्हाई, तर आजच्या दिसाला मी करू काय? चौतीस वर्सं तारखा लिवून दिल्या. प्लास्टर घातलेला मानूस परत येतोच, बाई. त्याला यावंच लागतं. कुनी शेंगा आनायचं, कुनी नुसतंच बसायचं. आता माझ्याकडं कोन कशाला येईल? म्हनून ह्येंच्या तारखा धरतो. त्या दिशी तुमाला तरी फोन करता येतो."

मी भांडायला गेले होते. तो राग कुठल्या कुठे गेला आणि मला माझीच लाज वाटली. शिबिर संपल्यापासून त्यांच्या फोनशिवाय किंवा कामाशिवाय मी या घरी एकदाही आले नव्हते.

"येकच पेशंट आलं न्हाई," ते कात्रीकडे बघत म्हणाले. "चिंचेवरून पडलेली पोर. निळा फ्रॉक. सांजंपातूर थांबलो व्हतो मी. का आली न्हाईस गं?"

इतके दिवस मला 'तुमी' म्हणणारा माणूस.

"वडलांनी घरीच काढलं," मी म्हणाले. "द्राक्षाच्या कात्रीनं. हंगाम होता, दवाखान्यात यायला कुणाला सवड नव्हती."

"म्हनूनच वाकडं."

मी पेशंटच्या खुर्चीत बसले आणि उजवा हात पुढे केला. "हौसाबाईंचं राहू द्या, गेनभाऊ. माझं काढायचं राहिलंय."

"काढायला आधी घालावं लागतं."

"मग घाला. पण एकवीसच दिवस. मला फळ्यावर लिहायचं असतं."

दहा मिनिटांत झालं. "हलायचं न्हाई," त्यांनी दम दिला आणि माझ्या मनगटावर तारीख लिहिली. अकरा वाजता हौसाबाई अखंड मानेने वेशीवर उभ्या राहिल्या. माझा गळ्यात अडकवलेला हात बघून सरपंचबाईंनी माइकवरून सांगितलं, की शिल्प घडवताना आमच्या बाईंना दुखापत झाली तरी त्या मागे हटल्या नाहीत. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला, एका हाताने. पुण्याचे पाहुणे हौसाबाईंची जाळीची बोटं बघून आधुनिक कलेविषयी बराच वेळ बोलले.

एकविसाव्या दिवशी सकाळी, फोन यायच्या आत, मी पिशवीभर शेंगा घेऊन गेले. अंगणात सडा, दोन खुर्च्या, इस्त्रीचा कोट. गेनभाऊंनी प्लास्टर कापलं, माझं मनगट इकडून तिकडून फिरवून बघितलं. ते वाकडं होतं तितकंच वाकडं होतं.

"बसलंय झकास," ते म्हणाले. "आता यायची गरज न्हाई."

आणि ते दुसऱ्या खुर्चीची घडी घालायला वळले. मी जागची उठले नाही. मी डावा हात पुढे केला.