सासूबाईंच्या आवाजाचं पेटंट

आमच्या सालवडच्या चाळीत इंजिनिअर पुष्कळ आहेत, पण नावावर पेटंट असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी, इंद्रजीत! तारापूरच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. पेटंटची गोष्ट मी ओळख होताच सांगतो, तशी तुम्हालाही सांगून टाकली.

माझी सासुरवाडी एडवणची. सासरे नवशाबाबा होडीवर असतात आणि सासूबाई गोदूबाई बोंबील सुकवून पालघरच्या बाजारात विकतात. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगले की पंचक्रोशीतले कावळे पंगतीला हजर. त्यांना हाकलायला सासूबाई "हाऽऽड!" अशी आरोळी ठोकत. त्या आरोळीनं एकदा माझ्या हातातला चहा सांडला आणि तिथेच मला कल्पना सुचली.

मी तो आवाज रेकॉर्ड केला, त्याला स्पीकर आणि सेन्सर जोडला. कावळा जवळ आला की यंत्र सासूबाईंच्या आवाजात ओरडणार! आता त्या खुशाल बाजारात बसत आणि आवाज अंगणात राखण करी. पहिल्या दिवशी सासरेसुद्धा दचकून होडीकडे पळाले. हळूहळू आळीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडून यंत्रं करून घेतली. जावई म्हणून मला नुसता मान होता, आता तळलेल्या बोंबलांतले मोठे मोठे ताटात पडू लागले.

पुढे मी पेटंट घेतलं. सर्टिफिकेटची रंगीत प्रत लॅमिनेट करून सासरच्या ओटीवर लावली. मग मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. ही कंपनी स्वतः काहीच बनवत नाही. लोकांची पेटंटं विकत घेते आणि जो ती वस्तू वापरेल त्याच्याकडून लायसन्सचे पैसे घेते. मला वाटलं, आपली किंमत शेवटी कुणाला तरी कळली. सही केली, बायकोला, हेमालीला, स्कूटर घेतली आणि एडवणच्या अंगणात उभं राहून एका लोकल चॅनलला ऐटीत मुलाखत दिली. मागे घरोघरची यंत्रं ओरडत होती.

मुलाखत कंपनीनंही पाहिली. थोड्याच दिवसांत थेट सासूबाईंच्या नावानं नोटीस! हेमालीनं ती मराठीत करून वाचली. पक्षी हाकलण्यासाठी मानवी आवाज वापरण्याचा हक्क आता कंपनीचा आहे, तरी लायसन्स घ्या, नाहीतर वापर बंद करा.

सासूबाईंचा बोंबील टांगणारा हात थांबला.

"जावय, तुमी माझं ओरडनं विकलं?"

मी समजावलं की विकलं ते यंत्रातलं ओरडणं, तोंडानं ओरडायला कुणाची बंदी नाही. पण त्यांचं एकच म्हणणं.

"कागदावर मानसाचा आवाज लिवलाय ना? मंग आमी नाय ओरडनार."

झालं. यंत्र बंद आणि सासूबाईही बंद! बाजार सोडून त्या दिवसभर उन्हात बसून नुसता पदर हलवत. कावळ्यांना आधी खरंच वाटेना, मग ते सहकुटुंब आले. बोंबील रोज कमी होऊ लागले. माझ्या ताटात दुधी आला. हेमालीनं स्कूटरवर बसायचं सोडलं आणि ती आईशेजारी पदर हलवायला बसली. खरं सांगतो, त्या आरोळीशिवाय ते घर मला परकं वाटायला लागलं, आणि मला फार वाईट वाटलं.

मी कंपनीच्या उत्कर्षा मॅडमना फोन लावला. खूप गयावया केली. त्या गोड आवाजात म्हणाल्या की सर, पेटंट तुम्हीच विकलंत. आता माझा स्वाभिमान दुखावला. हे यंत्र म्हणजे काय चीज आहे, ते या बाईला कळायलाच हवं!

"मॅडम, अर्ज करायच्या कितीतरी आधी माझ्या मेहुण्याच्या, मितेशच्या हळदीत मी हे यंत्र सगळ्या गावाला चालवून दाखवलंय. यूट्यूबवर व्हिडिओ आहे!"



"अर्जाच्या आधी?" त्यांनी विचारलं. "लिंक पाठवता का?"

मी अभिमानानं पाठवली. वर लाइक करा म्हणूनही सांगितलं.

नंतर कंपनीचं पत्र आलं. अर्जाआधी जी गोष्ट चारचौघांत उघड झाली, तिचं पेटंट टिकत नाही. सबब नोटीस मागे. माझं पेटंट माझ्याच तोंडानं बुडालं होतं. कंपनीनं आपले पैसेही परत मागितले. ते मी हप्त्यानं फेडतोय, तो विषय नको.

मी धावत एडवणला गेलो आणि बातमी सांगितली. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि अशी "हाऽऽड!" ठोकली की एडवणचे कावळे केळव्याला जाऊन बसले असतील. हेमाली हसता हसता रडली. माझेही डोळे भरून आले.

"तुमची बडबड एकदा तरी कामाला आली," सासूबाई म्हणाल्या आणि ताटात बोंबील पडला. मोठा!

पुढच्या रविवारी गेलो तर ओटीवरची भिंत रिकामी. सर्टिफिकेट वलांडीवर टांगलेलं, वाऱ्यावर गरगर फिरतंय, लॅमिनेशन उन्हात लखलखतंय, आणि एकही कावळा जवळ फिरकत नाही.

"आता यंत्र नको जावय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुमचा ह्यो कागदच बेस हाय."