चौथी किल्ली

"अर्धा तास, बाबा! फार तर पस्तीस मिनिटं! दाराला आज अक्कल आणतो की नाही बघा!"

रविवारी सकाळी साडेनऊला जावईबापूंनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात नव्या कुलपाचं खोकं. जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण "घर मिळेपर्यंत दोन महिने" म्हणून ते सासऱ्यांकडे राहायला आले त्याला पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत त्यांना नावाने हाक मारली ती फक्त पोस्टमनने. तेव्हाही ते आधी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतोय म्हणून!

कुलूप बदलण्याचं खरं कारण खोक्यावरच छापलेलं होतं: सोबत चार किल्ल्या.

जुन्या कुलपाला तीनच होत्या. एक सासऱ्यांकडे, एक सासूबाईंकडे, एक बायकोकडे. चौथी करून घेऊ म्हटलं की सासरे म्हणत, "हिची नक्कल निघत नाही, जावईबापू. आणि घरात सदा माणसं असताना तुम्हाला किल्ली हवी कशाला?" सासरे कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं ज्यांनी मागणीपत्राशिवाय कुणाला साधा खिळा दिला नाही, ते किल्ली देतात होय!

किल्ली कशाला हवी, हे जिन्यातली वरून तिसरी पायरी सांगू शकली असती. जावईबापू पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. पाळी सकाळी सहाची, त्यामुळे दुपारी दोन वीसला घरी. आणि दीड ते चार सासरे-सासूबाई झोपलेले. त्या वेळात बेल वाजवण्याचा प्रयोग त्यांनी एकदाच केला. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर पुढे पंधरा दिवस जेवणात तोंडी लावायला होतं! तेव्हापासून पायरी. आठवड्यातून एखाद-दोनदा सासूबाई किल्ली फिरवायला विसरत. जुन्या कुलपाचं हँडल बाहेरूनही दाबता यायचं. त्या दिवशी जावईबापू चोरपावलांनी आपल्याच घरात शिरत आणि सोफ्यावर पाय पसरत. बाकीच्या दिवशी पेपर, पायरी आणि पाठदुखी.

बायकोकडे तिची किल्ली मागून पाहिली. तिला ऑफिसातून यायला सात वाजतात, तोवर सगळं घर जागं असतं.

"माझी किल्ली? अरे, ती मला बाबांनी दहावी पास झाले तेव्हा दिली होती!"

प्रश्न भावनेचा होता. विषय संपला.

संधी आली ती मागच्या आठवड्यात. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा एक इसम हँडल दाबून थेट बैठकीच्या खोलीत आला आणि बनियनवर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांच्या पायाखालचा गालिचा त्याने न विचारता साफ करून दाखवला. सासरे मुळापासून हादरले. त्याच दिवशी जेवताना जावईबापूंनी विषय काढला.

"एक कुलूप मिळतं, बाबा. बाहेरचं हँडल नुसतं शोभेला. बाहेरून उघडायचं तर किल्लीच हवी. आतून मात्र हँडल दाबलं की उघडलं. दार लोटलं की आपोआप बंद, विसरायचा प्रश्नच नाही!" मग घास गिळून, सहज आठवल्यासारखं, "किल्ल्याही चार येतात त्याला."

"हं," सासरे म्हणाले.

या एका "हं"वर जावईबापू आठ दिवस जगले.

"अकराला माझी सभा आहे," सासरे आता म्हणाले. ज्येष्ठ नागरिक मंडळाची निवडणूक होती. अध्यक्षपदासाठी सासऱ्यांचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून, दारासमोर खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. "साडेदहाला मी निघणार. तोवर दार दाराच्या जागी हवं."

"दाराला हात लावत नाही, बाबा. फक्त कुलूप."

"म्हणजे दाराला भोक पडणार?" सासूबाई घाबरल्या.

"भोक आधीचंच आहे, आई," बायको वाटीत स्क्रू गोळा करत म्हणाली. "तू फक्त बोलू नकोस."

जुनं कुलूप निघालं. त्या जागी नवी पेटी सरकवायची, पेटीतून बाहेर येणारी तिरपी जीभ चौकटीकडे करायची, दोन्हीकडून हँडलं लावायची. एवढंच! अडचण एकच होती. कुलपासोबतच्या पत्रकातलं चित्र डाव्या हाताला उघडणाऱ्या दाराचं होतं आणि हे दार उजव्या हाताचं. चित्राप्रमाणे बसवलं तर जिभेचा उतार उलट्या बाजूला येत होता.

"अडलं का?" सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

"अडलं कुठे? आरशातली प्रतिमा आहे, बाबा. पेटी उलटी केली की झालं!"

आणि त्यांनी पेटी खालची वर केली. उतार अचूक जुळला.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डाव्या ठेवणीचा रेणू कितीही फिरवला तरी उजव्या ठेवणीचा होत नाही, डावा हातमोजा खालचा वर केला तरी उजव्या हाताला नीट बसत नाही, हे जावईबापूंनी एमेस्सीच्या प्रबंधात अठ्ठेचाळीस पानं खर्चून सिद्ध केलं होतं! त्यात दोन आलेख होते. परीक्षकांनी कौतुक केलं होतं. पण प्रबंध लिहिताना समोर खुर्चीत सासरे नव्हते.

बाहेरच्या हँडलचे शेवटचे स्क्रू त्यांनी जिन्यात उभं राहून पिळले. उघड्या दारातच हँडल दाबून पाहिलं. जीभ सर्रकन आत गेली. "चालतंय!" ते आनंदाने ओरडले. बाहेरचं हँडल चालता कामा नये, हे त्या आनंदात राहून गेलं. स्क्रू ड्रायव्हर, पत्रक आणि किल्ल्यांची पिशवी बाहेरच्या पायपुसण्यावर ठेवून ते आत आले.

"सगळे इथे उभे राहा. बघा हं!"

त्यांनी दार लोटलं. खट्! काय तो आवाज! तिजोरीला हेवा वाटावा असा.

"आता, बाबा, उद्घाटन तुम्ही करा. दाबा हँडल."

सासऱ्यांनी हँडल दाबलं. ते लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि तसंच वर आलं. दार जागच्या जागी.

"जरा जोरात, बाबा."

सासऱ्यांनी जोर लावला. मग बायकोने लावला. मग जावईबापूंनी दोन्ही हातांनी. हँडल बिचारं सगळ्यांचं ऐकत होतं, दार कुणाचंच ऐकत नव्हतं. जावईबापूंच्या डोळ्यांसमोर तो हातमोजा तरळला.

"बाबा, बाजू बदलल्यात. जे हँडल शोभेचं असायला हवं ते आत आलंय. म्हणजे... बाहेरून कुणीही हँडल दाबून आत येऊ शकतं. आतून कुणाला बाहेर पडता येणार नाही."

"वा!" सासरे म्हणाले. "म्हणजे तो व्हॅक्यूमवाला आता आला की कायमचा आला!"

येणं सोपं, सुटणं अशक्य. असलं दार आपण पूर्वी कुठे पाहिलंय, हे जावईबापूंच्या ध्यानात आलं होतं. पण ती बोलायची वेळ नव्हती.

त्यांनी भाजीच्या सुरीने आतल्या हँडलचे स्क्रू काढायचा प्रयत्न केला. सुरीचं टोक मोडलं, स्क्रूची खाच गुळगुळीत झाली. सुताराला फोन केला. तो म्हणाला, सव्वाअकरा होतील. सासूबाईंना गुदमरायला लागलं म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. शेवटी बायकोने समोरच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका.

"बाई, जरा बाहेरून आमचं दार उघडता का?"

बाई आल्या. दार उघडलं. "एवढ्यासाठी फोन?" असं म्हणत, वर्गात शिरावं तशा त्या तीन पावलं आत आल्या. उघड्या खिडक्यांमधून वाऱ्याचा झोत आला आणि मागे... खट्!

"दार धरायचं होतं, बाई!" सासरे कळवळले.

"फोनवर तसं सांगितलं नाहीत. सूचना नेहमी पूर्ण द्यावी," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

पावणेअकराला मंडळाचे चिटणीस सासऱ्यांना न्यायला आले. त्यांची पावलं जिन्यात वाजली, तसे पाचही जण एकदम ओरडले. बाहेर थांबा, आत येऊ नका, दार धरा, किल्ली द्या, स्क्रू ड्रायव्हर उचला! पाच आवाजांची मिळून एकच किंकाळी झाली. कुणाला तरी झटका आला असं समजून चिटणीस धावत आत घुसले. आणि मुळात अतिशय सभ्य गृहस्थ! घुसता घुसता त्यांनी मागे हात करून दार व्यवस्थित लावून घेतलं.

खट्!

अकरा दहाला सासऱ्यांचा फोन वाजला. उमेदवारही नाहीत आणि चिटणीसही नाहीत हे पाहून मंडळाने टाइमकीपरना अध्यक्ष निवडलं होतं. टाइमकीपर म्हणजे सासऱ्यांच्याच कारखान्यातले. त्यांनी एकदा सासऱ्यांना चार मिनिटं उशिराची नोंद लावली होती, आणि सासरे त्यांच्याशी तेवीस वर्षं बोलत नव्हते.

इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सासऱ्यांनी काढलं आणि जावईबापूंकडे एकदाच पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं!

सुतार आला. "आत पाऊल टाकू नका!" हे या वेळी एकट्या बाईंनी, प्रार्थनेच्या मैदानावरच्या आवाजात सांगितलं. सुताराने दारात आपली अवजारांची पेटी आडवी घातली, पत्रकाकडे बघितलंही नाही आणि चार मिनिटांत कुलूप काढून पुन्हा बसवलं.

"जीभ तेवढी ओढून फिरवायची असते, साहेब. पेटी नाही. हे कुणी केलं?"

"आमचे जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "शिकलेले आहेत ते."

सुताराने मान डोलावली. त्याला जणू सगळं कळलं.

मग त्याने पायपुसण्यावरची पिशवी उचलली. "किल्ल्या चार आहेत. कुणाकडे देऊ?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. एक किल्ली स्वतःच्या खिशात. एक सासूबाईंना. एक लेकीला. चौथी त्यांनी बोटांत धरून उजेडात पाहिली. जावईबापूंचा हात आपोआप कमरेइतका वर आला.

"बाई," सासरे म्हणाले, "ही तुमच्याकडे असू द्या. आमच्याकडे काय प्रसंग घडतात, ते आज तुम्ही पाहिलंतच."

वर आलेल्या हाताचं काय करावं ते जावईबापूंना सुचेना. शेवटी त्यांनी त्याच हाताने वाटीतला एक उरलेला स्क्रू उचलला आणि तो कुठला असेल याचा विचार करत असल्यासारखं केलं.

"बाबा, याला..." बायको म्हणाली.

"तो काय परका आहे?" सासरे म्हणाले. "घरचा माणूस. घरच्या माणसाला किल्ली कशाला लागते?"

खोलीत गेल्यावर बायको म्हणाली, "जाऊ दे ना रे. आज त्यांचं अध्यक्षपद गेलंय. आणि बाई समोरच तर आहेत! त्यांची बेल वाजवायची, किल्ली घ्यायची. पायरीवर बसणं संपलं की नाही?"

यात तथ्य होतं. जावईबापूंची रात्र बऱ्यापैकी गेली.

सोमवारी दुपारी दोन वीसला ते जिना चढून आले. आधी सवयीने आपल्या दाराचं हँडल हळूच दाबलं. ढिम्म! सासूबाई आता कितीही विसरल्या तरी दार विसरणार नव्हतं. मग ते समोर वळले. बाईंच्या बेलच्या वर, जुनी पिवळी पडलेली, पण सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी होती. पाच वर्षं समोरच्या पायरीवर बसून त्यांनी ती कधी वाचली नव्हती. कारण त्या दारापाशी त्यांचं काही काम नव्हतं.

"दुपारी १ ते ५ विश्रांती. बेल वाजवू नये."

जावईबापू वरून तिसऱ्या पायरीवर बसले आणि त्यांनी शांतपणे हिशोब केला. सासरे चारला उठतात, बाई पाचला. म्हणजे चौथी किल्ली आता रोज नक्की मिळणार होती, दार उघडल्यानंतर बरोबर एका तासाने!