कॅमेऱ्याला हळद-कुंकू

गुंडू शिडीवर चढला होता आणि खाली पद्मजाबाई होकायंत्र घेऊन उभ्या होत्या. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यावर माणसाच्या घरात निदान एक होकायंत्र उरतंच.

"पूर्वेकडे तोंड नको करूस गुंडू. सकाळी सात ते नऊ नुसता सूर्य दिसेल."

"चोर काय सकाळी सातला येतोय व्हय, बाई?"

"दूधवाला येतो."

गुंडूनं मुकाट्यानं कॅमेरा उत्तरेला वळवला. उंचीही बाईंनी टेपनं मोजून ठरवली, बरोबर नऊ फूट. त्याहून वर लावला तर येणाऱ्याचं फक्त टक्कल दिसतं आणि खाली लावला तर कुणाचाही हात पोचतो, असं त्यांचं म्हणणं. वायर भिंतीतल्या भोकात शिरण्याआधी त्यांनी तिला खाली झोळ घ्यायला लावला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता झोळातूनच टपकून जाईल. एकच गोष्ट राहिली. बाहेरच्या जोडासाठी पाणी न शिरणारी डबी हवी होती आणि ती गुंडूकडे नव्हती. त्यानं जोडाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, डबी दसऱ्यानंतर आणून देतो म्हणाला आणि हातकणंगल्याची गाडी गाठायला पळाला. तो घटस्थापनेचा दिवस होता.

खरं तर कॅमेरा चोरासाठी नव्हताच. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत अनोळखी माणूस शिरला तर दहा पावलांत तीन जण त्याला, "पावणं, कुणाकडं?" असं विचारतात. कॅमेरा होता दत्तप्रसादसाठी. तो पुण्याला अकराव्या मजल्यावर राहायचा आणि आई एकटी आहे या विचारानं त्याला तिथं झोप लागत नसे. तिनं पुण्याला यावं असा त्याचा दोन वर्षांचा लकडा होता. संध्याकाळी कट्ट्यावर पेठेतल्या मुली गणितं घेऊन येतात ते सोडून मी अकराव्या मजल्यावर काय करू, हा बाईंचा दोन वर्षांचा प्रश्न होता. शेवटी तह झाला. कॅमेरा लावायचा आणि दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर काहीही भलतंसलतं घडलं नाही तर विषय बंद. एकदा जरी घडलं तर बॅग भरायची. बाईंचा प्रयोगांवर विश्वास असल्यामुळे त्यांनी हे मान्य केलं.

पहिल्याच दिवशी दत्तप्रसादच्या फोनवर शहाण्णव संदेश गेले. हालचाल दिसली, हालचाल दिसली. दुपारपर्यंत त्यानं आईला अकरा वेळा फोन केला. बाईंनी एक वही घातली आणि डाव्या बाजूला दोष, उजव्या बाजूला कारण असं लिहायला सुरुवात केली. निम्मे संदेश रस्त्यावरच्या दुचाक्यांचे होते. ते कॅमेऱ्याची नजर फाटकाच्या आतल्या चौकोनापुरती आखून दिल्यावर थांबले. उरलेले एका कोळ्याचे होते. त्यानं रात्री कॅमेऱ्याच्या उबेला जाळं विणलं होतं आणि वाऱ्यावर ते हललं की पुण्याला घाम फुटत होता. बाईंनी जाळं कुंच्यानं काढलं आणि दर दोन दिवसांनी काढायचं असं वहीत लिहून ठेवलं. आठव्या दिवशी फक्त पाच संदेश गेले, पाचही खऱ्या माणसांचे. आपण जिंकत आलो, असं बाईंना वाटलं.

नवव्या दिवशी खंडेनवमी होती.

शेजारच्या झुंबरबाईंचं मिरची कांडपाचं यंत्र होतं. खंडेनवमीला ते धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून त्या त्याला दिवसभर विश्रांती द्यायच्या. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही हा त्यांचा नेम कडक होता, आणि तो फक्त स्वतःपुरता नव्हता. सकाळीच येऊन त्यांनी पद्मजाबाईंचं होकायंत्र, टेस्टर, पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडायला लावले.

"आणि त्यो फोन?"

"फोन कशाला, झुंबरबाई?"

"दिसभर हातात असतोय न्हवं? मग त्येच तुमचं हत्यार."

युक्तिवादात बाईंना चूक सापडली नाही. त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो पाटावर ठेवला. झुंबरबाईंनी त्यावर एक झेंडू वाहिला आणि बाई मागच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायला गेल्या.

आता झुंबरबाईंच्या हातात हातभर माळ उरली होती. ती घेऊन अंगणातून जाताना त्यांना वर कॅमेरा दिसला. नऊ दिवस डोळा न मिटता राबणारं यंत्र आणि त्याच्या कपाळाला बोटभर कुंकू नाही, हे त्यांना बघवलं नाही. घरून त्यांनी उंच स्टूल आणलं. बाईंनी नऊ फूट ठरवताना चोराच्या हाताचा हिशेब केला होता, स्टूल घेऊन येणाऱ्या झुंबरबाईंचा केला नव्हता. हळद कुठं लावायची असा प्रश्न झुंबरबाईंना पडलाच नाही. तोंडाला लावायची. त्यांनी गोल काचेवर ओली हळद फासली, मधोमध कुंकू लावलं, वरून झेंडूची माळ सोडली आणि हात जोडून त्या घरी गेल्या. माळ वाऱ्यावर डुलू लागली.

पुण्यात त्या क्षणी दत्तप्रसादनं फोन उघडला. पडदा पिवळा झाला होता, मध्ये लाल लोळ होता आणि त्याच्यापुढे काहीतरी नारिंगी फडफडत होतं.

त्यानं आईला फोन लावला. आईचा फोन झेंडूखाली गप्प होता. त्यानं पुन्हा लावला, मग पुन्हा. मग त्यानं राजवीरला लावला. राजवीर कोपऱ्यावरच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचा आणि लहानपणी दोघं एकाच बाकावर बसलेले. तालमीत गदेची पूजा नुकतीच आटपली होती आणि अंगण धुवायला बादल्या भरलेल्या होत्या. आईच्या घराला आग लागली आहे, एवढं ऐकल्यावर राजवीरनं पुढचं ऐकलं नाही. फोन तालमीच्या कठड्यावर टाकून त्यानं बादली उचलली. त्याच्या मागं चौदा पैलवान.

बाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा पाचवी बादली भिंतीवर आपटत होती.

"बाजूला व्हा बाई, आग हाय."

"कुठं?"

राजवीर थांबला. त्यानं छताकडं बघितलं, खिडकीत बघितलं, बाईंच्या हाताला लागलेल्या पुरणाकडं बघितलं. "त्ये दत्ताला ठाव," तो म्हणाला. मागच्याला तो थांबलेला दिसला नाही, त्यामुळे सहावी बादली नैवेद्याचं ताट घेऊन फाटकातून आत येणाऱ्या झुंबरबाईंवर गेली.

तेवढ्यात कॅमेऱ्यावरचा लहान निळा दिवा विझला. गुंडूच्या चिकटपट्टीत पाणी शिरलं होतं.

बाईंनी वर बघितलं. कॅमेरा बघितला, माळ बघितली, हळद बघितली, आणि एका ओळीतून दुसरी ओळ निघावी तसं सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्या आत गेल्या, पाटासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात क्षमा मागून त्यांनी झेंडू बाजूला केला. अकरा फोन येऊन गेले होते.

दत्तप्रसाद तोवर गाडीत बसला होता. बाईंनी झालेला प्रकार क्रमानं सांगितला, तो त्यानं ऐकून घेतला. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "आज झेंडू होता, आई. उद्या खरंच काही असलं तर? तुझा फोन देवापुढे आणि मी सव्वादोनशे किलोमीटरवर. मी येतोय. बॅग भरून ठेव."

झुंबरबाई ओल्या लुगड्यानं पायरीवर बसल्या. आपल्यामुळे बाईंचं गाव सुटणार, एवढं त्यांना कळलं होतं. "माझा हात झडला न्हाय तो," त्या म्हणाल्या. पद्मजाबाईंनी त्यांना कोरडं लुगडं दिलं आणि वही उघडली. दत्तप्रसादला यायला पाच तास लागणार होते. पाच तासांत बरंच काही दुरुस्त होतं.

राजवीरनं गुंडूला फोन करून दुचाकीवर बोलावून घेतलं. गुंडू आला, पण हात मागं बांधून.

"माझी पकड पूजेत हाय बाई. आज मी वायरीला हात लावत न्हाय."

"तू फक्त कट्ट्यावर बस. माझं काही चुकलं तर सांग."

बाईंनी आधी मेन स्विच बंद केला. स्क्रू त्यांनी जेवणाच्या सुरीनं काढले, कारण सुरी पूजेत नव्हती. भिजलेली पट्टी सोलली, तारा फडक्यानं टिपून उन्हात वाळू दिल्या. कॅमेरा स्वतः पावसाला पुरून उरणाराच होता, पाच बादल्यांनी त्याला काही झालं नव्हतं. काचेवरची हळद गुंडू कोरड्या फडक्यानं पुसा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडं चष्म्यावरून बघितलं. कोरडी हळद घासली तर काचेवर कायमचे ओरखडे येतात. त्यांनी आधी पाण्यानं काच धुतली आणि मग मऊ मलमलीनं टिपली. जोडासाठी डबी नव्हतीच, तेव्हा झुंबरबाईंनी चटणीची घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी आणली. तिच्या तळाला तापवलेल्या सळईनं भोक पाडून वायर खालून आत घेतली. गुंडू हे सगळं हात मागं ठेवून बघत होता. दसऱ्यानंतर आपणही बरण्याच वापराव्यात, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

निळा दिवा लागला. मग बाईंनी सकाळचं चित्रण उघडलं आणि कागद-पेन्सिल घेतली.

दत्तप्रसाद साडेपाचला आला. त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात घरातली सपात. आईला बघून त्याला बरं वाटलं आणि बॅग दिसली नाही म्हणून राग आला, दोन्ही एकदम.

"बस," बाई म्हणाल्या. "राजवीरला फोन किती वाजता लावलास?"

त्यानं बघून सांगितलं, अकरा एक्कावन्न.

बाईंनी चित्रण लावलं. पडदा पिवळा होता, पण आवाज स्वच्छ होता. आधी सगळं शांत. मग लांबून पावलं, बादल्यांच्या कड्या, कुणाचातरी "सरका, सरका" असा ओरडा आणि पाणी भिंतीवर आपटल्याचा धप्पकन आवाज. कोपऱ्यातलं घड्याळ अकरा त्रेपन्न दाखवत होतं.

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "पंधरा माणसं. तीही आग नसताना."

दत्तप्रसादनं चित्रण मागं नेऊन पुन्हा एकदा ऐकलं. बाईंनी तेवढ्याच शांतपणे विचारलं, "तुझ्याकडे कुणी धावून यायला किती मिनिटं लागतील? नुसता अंदाज सांग."

त्यानं अंदाज करायला तोंड उघडलं आणि एकदम खिशात किल्ली चाचपायला लागला.

"काय झालं?"

"आई, मी दार ओढून घेतलंय की नाही ते आठवत नाही."

"मग शेजारी फोन कर की."

त्याच्याकडे शेजाऱ्याचा नंबर नव्हता. शेजाऱ्याचं नावही नव्हतं. समोरच्या दारावर पाटी नव्हती आणि चार वर्षांत लिफ्टमध्ये दोघांनी एकमेकांच्या फोनकडं बघितलं होतं. पहारेकऱ्याचा नंबर फ्लॅटच्या भिंतीवर चिकटवलेला होता, म्हणजे दाराच्या आत. झुंबरबाईंनी हे सगळं ऐकलं आणि इतका वेळ अपराध्यासारख्या बसलेल्या त्या पहिल्यांदाच मान वर करून म्हणाल्या, "दत्ता, एकटा राहतोस व्हय रं बाळा? मग तूच का येत न्हाईस हिकडं?"

सोसायटीचा एक गट फोनवर होता, पण दत्तप्रसादनं त्याचा आवाज तीन वर्षांपूर्वीच बंद केला होता. आता त्यानं तिथं लिहिलं, कोल्हापूरला आईकडे आलोय, कुणी माझं दार बघेल का. चाळीस मिनिटं काही नाही. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पावणं, दार सताड उघडं हाय की तुमचं. पंखा बी चालू हाय. बंद करू का?"

दत्तप्रसाद कट्ट्यावर ताठ बसला. बोलणारा समोरच्याच फ्लॅटमधला उदयसिंह होता, मूळचा आजऱ्याचा. त्यानं पंखा बंद केला, दार ओढून घेतलं आणि आल्यावर चहाला या म्हणाला. तो म्हणाला, "चार वर्सं झाली, तुम्ही कोल्हापूरचे असाल असं वाटलंच न्हाय. बोलतच न्हवता."

त्या रात्री पुरणपोळ्या चौदा पैलवानांना पुरल्या नाहीत. गुंडूला पुरल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. निघायच्या आधी दत्तप्रसाद बराच वेळ फोनमध्ये काही करत होता. संदेश कुणाला आधी जावा हे त्यानं बदललं होतं. पहिला राजवीरला, दुसरा आईला, तिसरा त्याला.

"त्याला दोन मिनिटं लागतात," तो आईकडे न बघता म्हणाला. "मला साडेपाच तास." मग गाडीत बसता बसता त्यानं विचारलं, "तो कॅमेरा जरा डावीकडे वळवशील? कट्टा दिसत नाही."

बॅगेचा विषय निघाला नाही. बाईंनी कॅमेरा दहा अंश डावीकडे वळवला आणि वहीत नोंद केली.

संध्याकाळी मुली गणितं घेऊन आल्या होत्या तेव्हा फोन वाजला. दत्तप्रसाद पुण्याला पोचला होता.

"आई, पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय."

बाईंनी वर बघितलं. झुंबरबाई कॅमेऱ्याला सोनं देऊन गेल्या होत्या आणि आपट्याचं एक पान काचेवर ओघळलं होतं. बाई स्टूल आणायला उठल्या.

"राहू दे," पलीकडून आवाज आला. त्याच्यामागं कपबश्या वाजत होत्या आणि आणखी कुणीतरी हसत होतं. "त्यांना सांग, सोनं मिळालं."